विधवेचा वांटा आणि वकिलांचीं पत्रें

घरांतला कर्ता पुरुष गेला म्हणजे पहिले तेरा दिवस घर माणसांनीं भरलेलें असतें. चौदाव्या दिवशीं पाहुणे आपापल्या गांवीं परततात आणि मग कागद येऊं लागतात. बँकेचें पत्र येतें, विमा कंपनीचें येतें, घरपट्टीची मागणी येते; आणि पुष्कळ घरांत, वर्ष-सहा महिने लोटल्यावर, एका वकिलाचें पत्र येतें. या शेवटच्या पत्राविषयीं, त्याच्या उत्तराविषयीं, आणि ज्या बाईच्या नांवें तें येतें तिच्या हक्काविषयीं आज मी चार शब्द सांगणार आहें.

वकिलीच्या धंद्यांत मीं अशीं पत्रें पुष्कळ लिहिलीं आणि पुष्कळ वाचलीं. त्यांपैकीं एकच पुडकें आज आपणांपुढें सोडतों. नांवें-गांवें सांगण्याचें कारण नाहीं. अशिलानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट वकिलानें चव्हाट्यावर आणूं नये, हा आमच्या धंद्याचा धर्म आहे, आणि कायदाहि आहे. परंतु ज्यांच्या वतीनें मीं हीं पत्रें लिहिलीं, त्या बाईच एकदां मला म्हणाल्या होत्या, "माझें नांव तेवढें वगळा, आणि बाकी सारें चारचौघींना सांगा." त्यांच्या त्या परवानगीनें बोलतों.

हकीकत थोडक्यांत अशी. एका तालुक्याच्या गांवीं एका गृहस्थांनीं स्वकष्टाच्या पैशानें घर बांधलें. २००१ सालीं ते मृत्युपत्र न करतां वारले. मागें त्यांची पत्नी आणि दोन मुलगे राहिले. थोरल्या मुलानें घराचा कारभार हातीं घेतला आणि नगर भूमापन कार्यालयांतल्या मिळकत पत्रिकेवर आपलें एकट्याचें नांव लावून घेतलें. कोणीं कांहीं विचारलें नाहीं. २०११ सालीं धाकटा मुलगा अकस्मात् वारला. त्याच्या मागें त्याची पत्नी, नऊ वर्षांची एक मुलगी आणि त्याची आई. वर्षश्राद्ध झालें, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनीं थोरल्या दिरांच्या वकिलांचें पत्र धाकट्या सुनेच्या हातीं पडलें.

पत्र सभ्य भाषेंत लिहिलेलें होतें. त्याचा आशय असा: घर कुटुंबाचें आहे, आपल्या अशिलांच्या मयत बंधूंना मुलगा नसल्यामुळें त्यांच्या विधवेस घरांत कांहीं हक्क पोंचत नाहीं, तथापि केवळ माणुसकीच्या दृष्टीनें, मागील बाजूच्या दोन खोल्या त्यांना हयातीपर्यंत राहण्यास देण्याची आपल्या अशिलांची तयारी आहे, त्यासाठीं सोबत जोडलेल्या हक्कसोडपत्रावर पंधरा दिवसांच्या आंत सही करून द्यावी.

बाई माझ्याकडे आल्या त्या सही करण्याचें मनाशीं ठरवूनच आल्या होत्या. दोन खोल्या मिळताहेत, मुलीची शाळा जवळ आहे, वाद कशाला वाढवावा, असा त्यांचा विचार. शिवाय पत्र वकिलाचें. तेव्हां त्यांत लिहिलें आहे तोच कायदा असणार, अशी त्यांची समजूत.

ही समजूत फार घरांतून आढळते, म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतों. वकिलाचें पत्र म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. तें एका पक्षाचें म्हणणें असतें. त्यांतली पंधरा दिवसांची मुदत त्या वकिलानें घातलेली असते. ती उलटली एवढ्यानेंच कोणाचा वांटा बुडत नाहीं. परंतु उत्तरच न देणें हेंहि शहाणपणाचें नाहीं. कारण पुढें दावा झाल्यास ‘आम्हीं हें कळविलें होतें, त्यावर बाई गप्प राहिल्या,’ असें म्हणावयास जागा होते. म्हणून पत्र जपून ठेवावें, पाकीटहि टाकूं नये, तें कोणत्या दिवशीं हातीं आलें तें त्यावर लिहावें. आणि सल्ला घेईपर्यंत सही कशावरहि करूं नये.

आतां ‘मुलगा नाहीं म्हणून हक्क नाहीं’ हें वाक्य पाहूं. त्या वकिलांनीं तें हवेंतून आणलेलें नव्हतें. तें एका जुन्या कायद्याचा पडसाद होता. आपल्या भागांत विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख हे ग्रंथ वारसाच्या बाबतींत प्रमाण मानले जात. एकत्र कुटुंबांतला पुरुष वारला कीं त्याचा हिस्सा मागें राहिलेल्या पुरुष भागीदारांकडे आपोआप जाई. विधवेच्या वांट्यास अन्नवस्त्र आणि राहावयास जागा, एवढेंच येई. नवरा विभक्त असला आणि त्याला मुलगा, नातू वा पणतू नसला, तर मिळकत तिच्याकडे येई खरी. पण तीहि हयातीपुरती. कुटुंबाची खरी निकड असल्यावांचून तिनें ती विकूं नये, गहाण टाकूं नये. आणि ती वारल्यावर मिळकत तिच्या वारसांकडे न जातां नवऱ्याच्या वारसांकडे परत जावी, असा नियम होता. १८५६ सालच्या कायद्यानें हिंदु विधवेस पुनर्विवाहाची मुभा दिली. परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानें असें ठरविलें कीं, तिनें लग्न केलें म्हणजे पहिल्या नवऱ्याच्या मिळकतींतला तिचा हक्क, जणूं काय ती त्या दिवशीं मरण पावली, असें समजून संपावा.

या स्थितींत पहिला मोठा बदल १९३७ सालीं झाला. मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद, मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांनीं मांडलेलें विधेयक त्या वर्षीं कायदा होऊन अमलांत आलें. हे गृहस्थ वकील नव्हते, शस्त्रवैद्य होते. त्यांच्या कायद्यानें नवऱ्याच्या स्वतंत्र मिळकतींत विधवेस मुलाइतका वांटा दिला. एकत्र कुटुंबांतला नवऱ्याचा हिस्सा तिच्याकडे आणला. आणि वांटणी मागण्याचा अधिकारहि दिला. परंतु हयातीची मर्यादा तशीच राहिली. शिवाय १९४१ सालीं फेडरल कोर्टानें असा अभिप्राय दिला कीं, प्रांतांतील शेतजमिनीस हा कायदा लागू होत नाहीं. ज्या देशांत बहुतेकांची मिळकत म्हणजे शेत, तेथें शेतच वगळलें गेलें. आणि तो दोष काढण्यासाठीं प्रांतांना निरनिराळे कायदे करावे लागले.

पुढें हिंदु कायद्याच्या संहितेचा प्रश्न निघाला. सर बेनेगल नरसिंग राव यांच्या समितीनें मसुदा तयार केला, डॉ. आंबेडकरांनीं कायदेमंत्री म्हणून तो पुढें नेला. आणि तो रखडल्यामुळें १९५१ सालीं त्यांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या संहितेचे भाग पुढें एकेक करून संमत झाले. त्यांपैकीं हिंदु वारसा कायदा १७ जून १९५६ पासून अमलांत आला. मृत्युपत्र न करतां पुरुष वारला तर त्याच्या मिळकतीवर पहिल्या वर्गाच्या वारसांचा हक्क एकाच वेळीं उत्पन्न होतो. आणि त्या पहिल्या वर्गांत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई ही सर्व बरोबरीनें बसतात. मुलगा असणें-नसणें याचा विधवेच्या हक्काशीं कांहीं संबंध उरला नाहीं.

माझ्या उत्तरांत मीं हाच हिशेब मांडला. सासरे २००१ सालीं वारले तेव्हां त्यांचे वारस तीन: पत्नी आणि दोन मुलगे. घर त्यांचें स्वकष्टार्जित होतें. म्हणून प्रत्येकास एक-तृतीयांश. धाकटा मुलगा वारला तेव्हां त्याच्या एक-तृतीयांशाचे पुन्हां तीन भाग झाले: एक त्याच्या विधवेचा, एक मुलीचा, एक आईचा. म्हणजे साऱ्या घराचे नऊ भाग धरले तर थोरल्या दिराचे तीन, धाकट्या सुनेचा एक, तिच्या मुलीचा एक, आणि सासूबाईंचे पहिले तीन व मुलाकडून आलेला एक मिळून चार. ज्यांचा हक्क पोंचत नाहीं असें लिहिलें होतें, त्या मायलेकींचे नऊपैकीं दोन भाग होते. माणुसकीचा प्रश्न नंतरचा, आधीं हिशेबाचा.

हें गणित स्वकष्टाच्या मिळकतीचें झालें. मिळकत वडिलोपार्जित असेल तर हिशेब दोन टप्प्यांनीं करावा लागतो, आणि तेथें भल्याभल्यांची चूक होते. याचें उदाहरण सांगलीच्या न्यायालयांत सुरू होऊन दिल्लीपर्यंत गेलेल्या एका दाव्यांत सांपडतें. खंडाप्पा मगदूम नांवाचे गृहस्थ १९६० सालीं वारले. मागें पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. हिराबाईंनीं आपला वांटा मागितला. खालच्या न्यायालयानें त्यांना चोविसावा हिस्सा देऊं केला. मुंबई उच्च न्यायालयानें तो चोवीसपैकीं सात केला, आणि १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उच्च न्यायालयाचाच निर्णय कायम केला. हा फरक कसा पडला, तें पाहण्यासारखें आहे. खंडाप्पांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणीं वांटणी झाली असें कायदा समजतो. त्या वांटणींत बाप, दोन मुलगे आणि आई असे चार वांटेकरी. प्रत्येकास चौथा हिस्सा. म्हणजे हिराबाईंना चौथा हिस्सा येथेंच मिळाला. नंतर खंडाप्पांच्या चौथ्या हिश्शाचे सहा वारसांत सहा भाग. प्रत्येक भाग चोविसावा. चौथा आणि चोविसावा मिळून चोवीसपैकीं सात. खालच्या न्यायालयानें दुसरा टप्पा मोजला आणि पहिला सोडून दिला. एका बाईचा वांटा केवळ बेरीज अपुरी राहिल्यामुळें एका भागावर आला होता. तो सातांवर जाण्यास दाव्यापासून पंधरा-सोळा वर्षें लागलीं.

९ सप्टेंबर २००५ पासून मुलीहि जन्मतः वडिलोपार्जित मिळकतीच्या भागीदार झाल्या. महाराष्ट्रानें तर त्या दिशेनें १९९४ सालींच पाऊल टाकलें होतें. तसेंच कुटुंब आज असतें तर पहिल्या टप्प्यांत बाप, आई, दोन मुलगे, तीन मुली असे सात वांटे पडले असते, आणि बापाचा सातवा भाग सहा जणांत वांटून शेवटीं प्रत्येकास बरोबर सहावा हिस्सा आला असता. आई आणि पांचहि मुलें सारखीं.

माझें उत्तर गेल्यावर दुसरें पत्र आलें. त्यांत तीन आक्षेप होते. आणि ते बहुतेक घरांतून निघतात, म्हणून क्रमानें सांगतों.

पहिला आक्षेप: मिळकत पत्रिकेवर थोरल्या भावाचेंच नांव आहे. याचें उत्तर असें कीं, शहरांतली मिळकत पत्रिका काय किंवा शेताचा सातबारा काय, त्या नोंदी सरकारी महसुलाच्या सोईसाठीं असतात. त्यांनीं मालकी निर्माण होत नाहीं आणि नाहींशीहि होत नाहीं. तथापि नोंद चुकीची राहूं दिली तर त्रास वाढतो. नवरा वारल्यावर वारसनोंदीचा अर्ज विधवेनें स्वतः, शक्य तितक्या लवकर द्यावा, आणि त्यावरून झालेल्या नोंदीचा उतारा काढून ठेवावा.

दुसरा आक्षेप: बँकेच्या ठेवीवर आणि विम्यावर मयतानें आईचें नांव लावलें आहे, म्हणून ती रक्कम पत्नीची नाहीं. हेंहि खरें नव्हतें. ठेवीवर ज्याचें नांव लावतात तो बँकेकडून पैसे घेण्यापुरता अधिकारी. घेतलेले पैसे वारसांना त्यांच्या वांट्याप्रमाणें द्यावयाचे असतात. विम्याच्या बाबतींतहि १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तसेंच ठरविलें होतें. २०१५ च्या दुरुस्तीनें विम्यापुरता नियम बदलला: विमेदारानें आईबाप, पती वा पत्नी, किंवा मुलें यांचें नांव लावलें असेल तर रक्कम त्यांचीच होऊं शकते. आमचें प्रकरण त्या बदलाच्या आधींचें होतें. परंतु ज्यांचे विमे आज चालू आहेत, त्यांनीं विम्याच्या कागदावर कोणाचें नांव आहे, तें आजच पाहून ठेवावें. लग्नापूर्वीं लावलेलें नांव पुष्कळदां तसेंच राहून जातें.

तिसरा आक्षेप लेखणी अडखळत लिहिलेला दिसत होता: बाई तरुण आहेत, उद्यां पुन्हां लग्न करतील, मग घराचा भाग परक्याच्या घरांत जाईल. याचें उत्तर मीं एका ओळींत दिलें. १८५६ चा तो कायदा १९८३ सालीं रद्द झाला. आणि १९५६ च्या कायद्यानें नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणीं विधवेस मिळालेला वांटा पुढें तिनें लग्न केल्यानें परत जात नाहीं. बाईंनीं लग्न केलें नाहीं. पण तो त्यांचा प्रश्न होता, दिराच्या वकिलांचा नव्हे.

आतां त्या पहिल्या पत्रांतील सर्वांत सौम्य दिसणाऱ्या शब्दाकडे वळतों. तो शब्द म्हणजे ‘हयातीपर्यंत’. १९५६ च्या कायद्याचें चौदावें कलम असें आहे कीं, हिंदु स्त्रीच्या ताब्यांतली मिळकत, मग ती कायद्यापूर्वीं आलेली असो वा नंतर, ती पूर्ण मालक म्हणून धारण करते. हयातीपुरत्या मालकीचें युग या एका वाक्यानें संपलें. परंतु त्याच कलमास एक पोटकलम आहे. बक्षीसपत्रानें, मृत्युपत्रानें, दुसऱ्या एखाद्या लेखानें, हुकूमनाम्यानें किंवा लवादाच्या निवाड्यानें मिळकत देतांनाच मर्यादा घातली असेल, तर ती मर्यादा राहते. आतां एखाद्या बाईचा आधींपासून हक्क होता आणि त्याच्या बदल्यांत तिला मिळकत मिळाली, तर कोणता नियम लागू?

हा प्रश्न नेल्लोर भागांतल्या तुलसम्मा नांवाच्या विधवेच्या दाव्यांत उभा राहिला. तिचा नवरा १९३१ सालीं एकत्र कुटुंबांत वारला. तिनें दिराविरुद्ध पोटगीचा हुकूमनामा मिळविला, आणि १९४९ सालीं तडजोड होऊन पोटगीच्या बदल्यांत तिला कांहीं मिळकत मिळाली. पण हयातीपुरती, असें कागदावर स्पष्ट लिहून. पुढें तिनें त्यांतली कांहीं भाड्यानें दिली व कांहीं विकली, आणि दिरानें हरकत घेतली. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तुलसम्मेच्या बाजूनें निकाल दिला. पोटगीचा हक्क तिला त्या कागदानें दिला नव्हता. तो आधींपासूनच होता. कागदानें त्यास केवळ आकार दिला. म्हणून ती पूर्ण मालक झाली, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. परंतु पुढच्या वर्षांत दोन्ही प्रकारचे निर्णय होत गेले, आणि २०२४ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं हा प्रश्न मोठ्या पीठापुढें ठेवावा असें म्हटलें.

यावरून गृहिणींनीं घ्यावयाचा धडा साधा आहे. तडजोडीच्या कागदाचें पहिलें वाक्य ‘दिराच्या कृपेनें’ असें असूं नये. ‘अमुक वारसानें अमुक वांटा आहे, आणि त्या वांट्याच्या मोबदल्यांत पुढील मिळकत कायम मालकी हक्कानें दिली आहे’ असें असावें. आधीं हक्क लिहावा, मग तडजोड लिहावी. हा क्रम उलटला कीं बाई मालकीण न राहतां आश्रित होते. आणि तिच्या पश्चात् तिच्या मुलांना कोर्टाची पायरी चढावी लागते. आमच्या त्या हक्कसोडपत्रांत तर दोन्ही अनर्थ एकत्र होते: वांटा सोडून द्यावयाचा, आणि खोल्या घ्यावयाच्या त्या हयातीपुरत्या.

पुढचीं पत्रें तडजोडीचीं होतीं. अशा पत्रांच्या माथ्यावर ‘हक्कास बाध न येतां’ अशी ओळ असते. ती शोभेची नसते. तडजोडीसाठीं कोणी दोन पावलें मागें येण्याची तयारी दाखविली, तर तीच कबुली म्हणून पुढें न्यायालयांत त्याच्याविरुद्ध वापरतां येऊं नये, यासाठीं ती असते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत ही सोय होती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि ती ठेवलेली आहे. या ओळीमुळें माणसें मोकळेपणानें बोलूं शकतात. स्वतः दिराला वा जावेला पत्र लिहून ‘तुम्ही द्याल तें घेईन’ असें कळविणाऱ्या बाईला मात्र हें संरक्षण सहसा मिळत नाहीं; म्हणून भावनेच्या भरांत असें कांहीं लिहूं नये.

आणखी एक अडचण मुलीच्या वांट्याची होती. आई ही तिची नैसर्गिक पालक. पण अज्ञान मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाची आगाऊ परवानगी घेतल्यावांचून पालकास विकतां किंवा देऊन टाकतां येत नाहीं, असें १९५६ चाच दुसरा एक कायदा सांगतो. म्हणजे त्या हक्कसोडपत्रावर बाईंनीं स्वतःसाठीं आणि मुलीसाठीं सही केली असती, तरी मुलीपुरती ती टिकली नसती. पालकानें मोठ्या मनानें सोडावयाचें तें आपलें सोडावें. लेंकराचें सोडूं नये.

चौथ्या पत्रांत मीं समोरच्या वकिलांना एक प्रश्न विचारला. आपल्याच अशिलांच्या मातोश्रींचे या घरांत नऊपैकीं चार भाग आहेत, म्हणजे सर्वांहून अधिक. तेव्हां आपण हीं पत्रें त्यांच्याहि वतीनें लिहीत आहां काय? या पत्रास दोन महिने उत्तर आलें नाहीं.

उत्तराऐवजीं एके दिवशीं सासूबाई स्वतःच माझ्या कचेरींत आल्या. सोबत नात. वय सत्तरीच्या पुढचें. मीं त्यांना प्रथमच सांगितलें कीं, मी आपल्या धाकट्या सुनेचा वकील. तिचें हित आणि आपलें हित एकच असेल असें नाहीं. आपण स्वतंत्र वकील पाहावा. त्या म्हणाल्या, "तें पाहीन. पण तुम्हीं पत्रांत लिहिलेला हिशेब तेवढा वाचून दाखवा." मीं वाचला. त्यांनीं बोटांवर नऊ मोजले. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "दहा वर्षें झालीं यांना जाऊन. इतक्या कागदांवर इतक्यांच्या सह्या झाल्या. माझी कोणीं मागितली कशी नाहीं?"

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. कबूल केलें पाहिजे कीं, पहिल्या पत्राच्या वेळीं माझेंहि लक्ष त्यांच्याकडे गेलें नव्हतें. आम्ही दोघे वकील एका विधवेच्या वांट्यावर कागद काळे करीत होतों; आणि त्याच घरांत, त्याहून मोठ्या वांट्याची दुसरी विधवा दोन्ही चुलींवर पाळीपाळीनें जेवत होती.

यानंतर मार्ग लवकर निघाला. सासूबाईंनीं दुसरे वकील दिले. आपले चार भाग त्यांनीं थोरल्यास दिले नाहींत आणि धाकटीसहि दिले नाहींत. आपल्या नांवावर लावून घेतले. घराची किंमत त्रयस्थाकडून करविली गेली. मागील बाजूच्या त्याच दोन खोल्या आणि वरची एक खोली मिळून मायलेकींच्या दोन भागांपोटीं त्यांच्याकडे आली. कायम मालकी हक्कानें. ‘हयातीपर्यंत’ हा शब्द सर्व मसुद्यांतून गेला. मुलीच्या भागापुरती न्यायालयाची परवानगी घेतली, आणि वांटणीपत्राची दुय्यम निबंधकांकडे रीतसर नोंदणी झाली. पहिल्या पत्रापासून येथवर येण्यास चौदा महिने आणि अकरा पत्रें लागलीं. दावा लावावा लागला नाहीं. दीर आणि भावजय यांचें बोलणें बंद झालें नाहीं, हें मी त्या व्यवहाराचें खरें यश समजतों. आणि त्याचें श्रेय वकिलांपेक्षां त्या वृद्ध बाईंस अधिक आहे.

येथवर मीं जो कायदा सांगितला तो हिंदूंचा. बौद्ध, जैन व शीख यांनाहि तोच लागू आहे. मुसलमान विधवेस मुलें असतां नवऱ्याच्या मिळकतीचा आठवा आणि नसतां चौथा हिस्सा मिळतो. ख्रिस्ती विधवेस, मुलें असतां, १९२५ च्या कायद्याप्रमाणें तिसरा. गोमंतकाची रीत निराळी आहे. तेथें पोर्तुगीज अमदानींतील १८६७ च्या नागरी संहितेपासून, निराळा करार केलेला नसल्यास, पतिपत्नींची मिळकत लग्नानेंच समाईक होत आली आहे. म्हणून विधवेचा अर्धा भाग हा वारसा नसून तिचा स्वतःचा असतो, आणि वारसांत वांटली जाते ती उरलेली अर्धी मिळकत. आपली मुलगी गोव्यांत दिली असेल किंवा सून तिकडची असेल, तर हा भेद ध्यानांत असावा.

ज्यांना वकिलाची फी परवडत नाहीं त्यांनींहि निराश होऊं नये. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें स्त्रियांस, त्यांचें उत्पन्न कांहींहि असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारांतील प्राधिकरणाकडे करावयाचा असतो. लोकअदालतींत झालेल्या तडजोडीस हुकूमनाम्याचें बळ असतें.

कोणी म्हणेल, प्रेमाच्या घरांत हे हिशेब कशाला? मी उलट विचारीन, हिशेब ठाऊक असल्यानें प्रेम कमी कां व्हावें? विधवेनें आपला वांटा दिराला, मुलाला, पुतण्याला देऊं नये असें मी म्हणत नाहीं. तो तिचा आहे. ती देऊं शकते, आणि देणाऱ्या बायका मीं पुष्कळ पाहिल्या आहेत. परंतु जें आपलें आहे हें ठाऊक नाहीं, तें माणूस देत नसतें; तें त्याच्याकडून जात असतें. दोहोंत मोठें अंतर आहे.

ती नात २०२० सालीं सज्ञान झाली. मिळकत पत्रिकेवरची ‘अज्ञान’ ही नोंद कमी करण्यासाठीं आजी तिला स्वतः घेऊन गेली होती. कारकुनानें नातीची सही घेतल्यावर आजीनें विचारलें, "माझी कुठें लागते का?" त्यानें नाहीं म्हटलें. "मग ठीक," असें म्हणून त्या बाहेर येऊन बसल्या.